दुहेरी शिवणीचा तंबू

६ जानेवारी, शनिवार

सुताचा व्यापारी दरवर्षी एक डायरी देतो आणि ती दरवर्षी कपाटात कोरीच राहते. यंदा लिहायला घेतली, कारण काम तसंच आहे. मी तंबू शिवणार आहे. मांडव नव्हे, ट्रकवरचं तिरपाल नव्हे. माणसाने आत झोपायचा तंबू.

रायपूरला लागून बीरगांवला माझा छोटा कारखाना आहे. अठ्ठावीस वर्षं ट्रकांची तिरपालं शिवून राहिलो. शेजारच्या उरल्याच्या कारखान्यांतून सिमेंट, खत, लोखंड जे काही भरून निघतं, त्यातल्या बऱ्याच मालावर माझी शिवण असते. पण त्या शिवणीखाली मी स्वतः कधी झोपलो नाही.

सुरुवात काल जेवताना झाली. आमची स्नेहल नव्या रायपुरात एका ऑफिसात नोकरी करते. जाऊन-येऊन बसमध्ये तिचे दोन-अडीच तास जातात. ऑफिसातल्या माया नावाच्या मैत्रिणीने तिथेच एक फ्लॅट पाहून ठेवला आहे. दोघींनी मिळून राहायचं असं चाललंय. मालकाला महिनाअखेरपर्यंत उत्तर पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्याला देणार. काल पुन्हा तोच विषय. मी म्हणालो, "तिथं सात वाजल्यानंतर कुत्रंबी भुंकत नाही. अशा ठिकाणी पोट्टी एकटी राहणार? नाही."

स्नेहल म्हणाली, "पापा, आप वहाँ एक रात भी रहे हो क्या?"

नाही राहिलो. हे खरं आहे. ज्याने पाहिलं नाही त्याने बोलू नये, हे मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. म्हणून म्हणालो, "राहतो. एक रात्र राहून पाहतो, मग बोलतो."

"किधर रहोगे?"

बायको, इंदू, भात वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "तिथल्या तलावाकाठी आता तंबू ठोकून राहाता येते म्हणे. सरकारी मैदान आहे. लोकं बायकापोरं घेऊन जातात."

हे इंदूला कुठून कळलं देव जाणे. ती तर सदर बाजारापलीकडे महिनामहिना जात नाही. पण 'तंबू' हा शब्द ऐकला आणि माझा घास तोंडातच राहिला. स्नेहलने लगेच फोन काढला आणि वीस तारखेची जागा नक्की केली. इतक्या लवकर बुकिंग होते हे मला ठाऊक नव्हतं. जणू पान उघडूनच ठेवलं होतं.

९ जानेवारी

तीन दिवस फोनवर तंबू पाहून राहिलो. विलायती लोकांचे तंबू म्हणजे छत्रीचं कापड. दोन बोटांनी धरून ओढलं तर उसवेल. शिवणी तर पाहवत नाहीत. एकेरी, आणि वर चिकटपट्टी.

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. पहिलं तिरपाल शिकलो ते एक जुनं तिरपाल टाका टाका उसवून. कुठे दुमड आहे, कुठे दोरा मेणवलाय, कोपऱ्याला किती पदर आहेत, सगळं उसवताना हाताला कळलं. तंबूही तसाच शिकेन. फरक इतकाच की उसवायला जवळ तंबू नाही.

माझा आराखडा तयार आहे. चारही बाजू आणि तळ एकाच पोत्यासारखे जोडलेले, खाली कुठे फट नाही. शिवण सगळीकडे दुहेरी, दोरा मेणाचा. दाराला एकावर एक दोन पडदे, ट्रकच्या मागच्या बाजूला असतात तसे. खिडकी नाही. ज्याला हवा पाहिजे त्याने बाहेर बसावं, तलाव काय कमी पडला? पितळी रिंगा मोठ्या नंबरच्या.

भैय्यालाल माझा सर्वांत जुना शिलाईवाला. त्याने खडूच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाला, "भैया, ए मा तो ट्रक घलो खुसर जाही." म्हणजे यात तर ट्रकही शिरेल. सगळे हसले. हसू दे. मी त्याला सांगितलं, मशीनवर बसायचं नाही, हा मी स्वतः शिवणार.

१२ जानेवारी

दोन बाजू झाल्या. कोपऱ्याची दुमड अशी बसली की मीच थोडा वेळ पाहत राहिलो.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे स्नेहलला आणायला बस स्टॉपवर. बस उशिरा. थंडी मरणाची. हा रोजचा त्रास आहे, काम टाकून जावं लागतं. पण जावं लागतं. स्टॉपवरचा चहावाला आता मला पाहूनच कप भरतो. स्नेहल उतरली की स्कूटरवर मागे बसून ऑफिसातलं सगळं सांगत येते. कोण रुसलं, कोणाची बदली झाली, कोणाच्या डब्यात काय होतं. आज तिने काहीच सांगितलं नाही. मागे वळून पाहिलं तर डोकं माझ्या पाठीला टेकवून झोपली होती. पोट्टी चालत्या गाडीवर झोपते, म्हणजे किती विश्वास. मी गाडी मुद्दाम हळू आणली, गावातल्या बुढा तलावाकडून वळसा घेऊन.

१६ जानेवारी

काल संक्रांत झाली आणि आज आमच्याकडे हळदीकुंकू होतं. दरवर्षी इंदू वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणते. यंदा मला म्हणाली, "तुमच्या तंबूचे तुकडे उरले असतील तर बटवे शिवून द्या." मी शिवले. आत पाणी भरलं तरी गळणार नाहीत असे बटवे. बायका उलटेपालटे करून पाहत होत्या. शेजारच्या दाण्यांच्या काकू म्हणाल्या, "इंदू, यात काय सिमेंट ठेवू का?"

मी आतल्या खोलीत होतो, पण आवाज येत होता. इंदू एकेका बाईला बटवा देताना सांगत होती, "आम्ही चाललो ना वीस तारखेले तलावाकाठी. यांनी स्वतः तंबू शिवला. रात्रभर राहणार. पोट्टीसाठी ती जागा पाहायची आहे." पंचवीस-तीस बायका आल्या असतील. आता आमच्या आख्ख्या ब्राह्मणपाऱ्यात कोणाला सांगायचं बाकी नाही. मी म्हणालो, "एवढं काहून सांगत सुटलीस? उद्या काही कारणानं जाणं जमलं नाही तर?"

"काहून नाही जमणार?" म्हणाली आणि तीळगुळाचा डबा उचलून आत गेली.

इंदूला तंबूचा एवढा अभिमान असेल असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं.

१८ जानेवारी

परीक्षा झाली! कारखान्याच्या अंगणात तंबू उभा केला, वरून होजपाइपने पाणी सोडलं. भैय्यालालला म्हटलं, थांबू नको, मार. त्याने एका जागी मारलं, शिवणीवर मारलं, कोपऱ्यावर मारलं. मी आत बसलो होतो, दोन्ही पडदे बांधून. एक थेंब नाही. बाहेर आलो तेव्हा घामाने भिजलो होतो, ते पाहून भैय्यालाल ओरडला, "चुहत हे! चुहत हे!" गळतंय म्हणे! मी त्याला आत नेऊन कापडावर हात फिरवायला लावला. कोरडं. मान हलवून होजपाइप गुंडाळायला लागला.

आता पाऊस येवो, गारा येवोत, तलाव उठून अंगावर येवो.

२० जानेवारी, संध्याकाळ, तलावाकाठी

हे तंबूत बसून लिहून राहिलो. बॅटरीच्या उजेडात. अक्षर वाकडं येतंय, पण थांबवत नाही.

दुपारी पोचलो. रस्ते एवढे रुंद की गाडी चालवताना आपण चुकून विमानतळावर शिरलो असं वाटतं. मैदान तलावाला लागून, आखून दिलेले चौकोन, प्रत्येकाला एक नंबर. चूल पेटवायची नाही, सिमेंटच्या ओट्यावर गॅसची छोटी शेगडी चालेल, असा बोर्ड. नळ आहे, संडास स्वच्छ. मी सगळं फिरून पाहिलं.

आमच्या आधी चार-पाच कुटुंबं आली होती. त्यांचे तंबू पिशवीतून काढायचे, हवेत फेकायचे, की आपोआप उभे. पोरांचा खेळ. माझा उभा करायला वेळ लागला, सागवानी दांडे, मधली आडवी काठी, मग दोऱ्या. आजूबाजूचे लोक येऊन उभे राहिले. खाली मुरूम, दगडासारखा. त्यांच्या तारेसारख्या खुंट्या वाकून गेल्या होत्या आणि तंबू वाऱ्याने सरकत होते. मी सब्बल, म्हणजे पहार, आणि मोठा हातोडा आणला होता. मग काय! "भैया, ज़रा हमारा भी ठोक दो." मैदानातल्या सगळ्या खुंट्या मी ठोकल्या. एक तरुण म्हणाला, "अंकल, आप आर्मी में थे क्या?" स्नेहल खो-खो हसली. मी नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही.

शेजारच्या चौकोनात एक जोडपं आहे, माझ्याच वयाचं. हिरालाल म्हणून आहे, बायको पद्मिनी. छत्तीसगढी बोलणारी साधी माणसं. इथेच नव्या रायपुरात राहतात आणि तरी इथे तंबू लावून झोपायला आलेत! मी विचारलं, घर जवळ असून इथे कशाला? हिरालाल म्हणाला, "घर मा तलाव नइ हे ना."

इंदूने साडी वर खोचून पाण्यात पाय घातले. तीसेक वर्षांच्या संसारात मी तिला असं पाहिलं नव्हतं. पाण्यात पलीकडे बदकं, पांढऱ्या चोचीची काळी. मी हाक मारली, "घसरशील!" तर म्हणाली, "घसरू द्या!" आणि अजून एक पाऊल पुढे.

जेवायला तिखटमिठाच्या पुऱ्या, वांग्याची भाजी, आणि स्नेहलने शेगडीवर केलेली मॅगी. मी तीन वेळा मॅगी घेतली. आता अंधार पडला आहे. लांबच्या इमारतींचे दिवे तलावात दिसतात. सुंदर आहे. हे मान्य करायला काय जातं.

बाहेर स्नेहल आणि इंदू हळू आवाजात काहीतरी बोलून राहिल्या आहेत. आत्ता दोघी आत आल्या. लिहिणं थांबवतो.

२१ जानेवारी, रविवार, घरी

क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

काल मी डायरी मिटली तशी इंदू म्हणाली, "मग? पाहिलं ना? जागा कशी आहे?"

मी म्हणालो, तलाव चांगला आहे. स्नेहल म्हणाली, "पापा, तालाब नहीं, फ्लॅट की बात..." आणि मधेच थांबली. बाजूच्या तंबूकडे बोट दाखवलं. कापडाच्या भिंती, सगळं ऐकू जातं. मग तिने मराठी सुरू केली. घरात कधी बोलत नाही, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं हे लहानपणापासूनचं आहे. आता मात्र अडखळत, वेडीवाकडी, पण मराठी. तिघंही मराठीत असलो की इथे आपल्याच घरात बसल्यासारखं, शेजारच्यांना काय कळणार.

"पापा, मी थकून जाते. तुम्हाले दिसत नाही? सकाळी अंधारात निघते, येते तेव्हा अंधार. मला फक्त झोपायला घर आहे."

मी म्हणालो, "म्हणूनच तर मी स्टॉपवर येतो. तुले रिक्षा शोधावी लागत नाही."

"मी कधी म्हणली, या?"

"न सांगता येतो, हे बापाचं कर्तव्य आहे. अन् तिथं आजारी पडलीस तर? अर्ध्या रात्री कोण? कुत्रंबी भुंकत नाही तिथं!"

आवाज थोडे वाढले असतील. मग इंदू, जी इतका वेळ चादर झटकत होती, चादर टाकून म्हणाली, "खरं सांगू? तुमाले त्या स्टॉपवर उभं राहायची सवय लागली आहे. चहा प्यायची, पोट्टी मागं बसली की तिच्या गोष्टी ऐकायची. ते सुटू नये म्हणून तिनं जन्मभर बस पकडायची का?"

मला याचा अर्थ कळला नाही. म्हणजे कळला, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही. मी म्हणालो, "झोपा आता." थंडी वाढली होती. मी उठलो, दाराचे दोन्ही पडदे घट्ट बांधले, वरची गाठ, खालची गाठ, कडेची फीत. स्नेहल म्हणाली, "थोडं उघडं ठेवा ना." मी म्हणालो, "वारा येईल." बॅटरी विझवली.

पहाटे कपाळावर थेंब पडला. मग नाकावर. उठून बसलो तर इंदू आधीच बसलेली, पदर डोक्यावर घेऊन. स्नेहलची उशी ओली. छतातून टप टप. मी बाहेर धावलो, पाऊस पाहायला. आभाळ स्वच्छ, तारे अजून होते. बाहेरचं कापड हात लावून पाहिलं, नुसतं दव. शिवणी तपासल्या, एकेक. एकही उसवलेली नाही, एकही ढिली नाही. मी हातोडा घेतलेल्या माणसासारखा तंबूभोवती फेऱ्या घालत होतो.

मग आत जाऊन छताला हात लावला आणि समजलं. बाहेरून एक थेंब आला नव्हता. पाणी आमचंच होतं. तिघांचा श्वास, रात्रभराचा. वर गेला, थंड कापडाला लागला, पाणी झाला, खाली आला. जायला त्याला वाट कुठे होती? अठ्ठावीस वर्षं मी एकच काम केलं, बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. पण खाली सिमेंट होतं, खत होतं. सिमेंट श्वास घेत नाही. हे लक्षात राहिलं नाही.

याला गळणं म्हणता येणार नाही, हे मी दोघींना स्पष्ट सांगितलं. स्नेहल केस पुसत होती. म्हणाली, "हाँ पापा, लीक नहीं है." हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "भाऊ, चहा घेता का? गरम आहे."

मराठीत!

पद्मिनी उभी होती, हातात किटली. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहायला लागलो. मी विचारलं, "तुम्हाले... मराठी येते?"

"माझं माहेर आमगावचं ना, भाऊ. गोंदियाच्या जवळ." तिने कप भरला, सावकाश. "आम्ही घरी झाडीबोली बोलतो. तुमची थोडी शहरी आहे, पण समजते. सगळी समजते."

सगळी. स्नेहलने तोंडावर टॉवेल घेतला. इंदूचे खांदे हलत होते, मला वाटलं रडते, पण हसत होती.

पद्मिनीचं पुढे सुरूच. "मी रातच्यालाच येणार होते सांगायला. हे येऊ देत नव्हते."

हिरालाल तंबूच्या दारात बसून दात घासत होता. म्हणाला, "मैं कहेंव, दूसर के तंबू मा मुड़ी झन डार." म्हणजे दुसऱ्याच्या तंबूत डोकं घालू नको.

"अन् भाऊ, कुत्र्यांचं म्हणाल," पद्मिनी म्हणाली, "आमच्या सेक्टरात इतकी आहेत ना, रात्री झोपू देत नाहीत. भुंकत नाहीत कोण म्हणते? या तुम्ही, ऐकवते."

मी कप तोंडाला लावला. चहा चांगला होता, आल्याचा. त्या दोघांनी फरा आणला होता, तांदळाच्या पिठाचा, तो खाल्ला. पद्मिनीने सांगितलं, सहा वर्षांपूर्वी ते आले तेव्हा खरंच कोणी नव्हतं, दूधवालाही यायचा नाही. आता किती बायका आहेत, किती पोरी खोल्या घेऊन राहतात, बरं नसलं की कोण कोणाला हाक मारतं, हे सगळं तिने स्नेहलला नाही, मला सांगितलं. मायाचा फ्लॅट कोणत्या सेक्टरात, हे इंदूने विचारायच्या आत पद्मिनीने विचारलं, आणि निघालं त्यांच्या मागच्याच गल्लीत.

येताना गाडी मीच चालवत होतो. तंबू डिकीत, ओला, दुप्पट जड.

मध्येच स्नेहल म्हणाली, "माँ, उसने सब सुना." आणि मग तिघांनाही हसू आवरेना. मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

२३ जानेवारी

काही लिहिण्यासारखं नाही. तंबू वाळत घातला आहे. तो कोणालाही दाखवणार नाही असं ठरवलं होतं, पण भैय्यालालला सांगितलं. तो म्हणाला, "त भैया, ऊपर मा एक ठन छेदा."

वर एक भोक. हे मलाही सुचलं होतं. पण भोक ठेवायचं आणि पाऊसही येऊ द्यायचा नाही, म्हणजे भोकावर टोपी पाहिजे. टोपीचं डोक्यात चालू आहे.

संध्याकाळी स्टॉपवर मुद्दाम चहा घेतला नाही. चहावाला म्हणाला, "तबियत ठीक नहीं क्या?"

२६ जानेवारी

सुट्टी. फ्लॅट पाहायला गेलो. मी, इंदू, स्नेहल, माया. माया जगदलपूरची, बोलायला चटपटीत. मला म्हणाली, "अंकल, सुना है आप बहुत चेक करते हो." मी म्हणालो, सुना है वह सही है.

तपासलं. मुख्य दाराची कडी चांगली, पण बिजागरीचे स्क्रू आखूड. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी आहे, एका कोपऱ्यात सुटली आहे. बाथरूमचा उतार उलट्या दिशेला, पाणी दारापाशी साचेल. गच्चीची चावी मालकाकडे. पाण्याची टाकी चढून पाहिली. खाली उतरलो तर पद्मिनी हजर, बरोबर हिरालाल आणि एक तांबूस कुत्रं. "आणला ना ऐकवायला," म्हणाली. कुत्रं भुंकलं नाही. माझ्या चपला हुंगत बसलं. पद्मिनीने त्याला पायाने ढोसलं, "अरे भुंक ना रे, भाऊंचा विश्वास नाही!"

स्नेहल माझ्याकडे पाहत होती.  परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पाहायची तसं. मला एकदम उकडायला लागलं. जानेवारीत. मी आतल्या खोलीची खिडकी उघडली. उघडली ती पूर्ण उघडली, दोन्ही फळ्या. वारा आला, समोर मोकळं रान, लांब तलावाची एक चमक.

म्हणालो, "ही खिडकी बंद करून झोपायचं नाही."

माया आणि स्नेहल एकमेकींकडे पाहायला लागल्या. इंदू हळूच म्हणाली, "म्हणजे हो म्हणून राहिले."

मी तसं काही म्हणालो नव्हतो. पण नाही असंही म्हणालो नाही. स्नेहल गळ्यात पडली आणि तिच्या चष्म्याची दांडी माझ्या कानाला लागली.

मी अटी सांगितल्या. बिजागरीचे स्क्रू मी बदलणार. जाळी मी लावणार. ती म्हणाली, स्क्रू चालतील, जाळी ती आणि माया लावतील. मी म्हणालो, तुम्हाला ताण द्यायला जमणार नाही, जाळी सुरकुतेल. म्हणाली, "सुरकुतू दे." शुद्ध मराठीत म्हणाली! मी अट सोडली.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. निर्णय माझा आहे. मी एक रात्र राहिलो, पाहिलं, आणि मग बोललो. सुरुवातीला म्हणालो होतो तसंच. इंदूला हे दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा "हव, हव" म्हणाली.

३ फेब्रुवारी

सामान पोचवलं. एक गादी, दोन बॅगा, तिची पुस्तकं, इंदूने दिलेलं पोळपाट-लाटणं. जाळी लावून झाली आहे. सुरकुतली आहे. बोललो नाही.

निघताना स्नेहल म्हणाली, "पापा, आना हो तो फोन करके आना." माझ्याच पोरीकडे फोन करून यायचं! इंदूने माझा हात धरून जिन्यातून खाली आणलं.

५ फेब्रुवारी

आज संध्याकाळी स्टॉपवर गेलो होतो. मुद्दाम नाही, गाडीच वळली. बस आली, माणसं उतरली. चहावाल्याने कप भरला, प्यायलो. आलो.

टोपीचं जमलं. चार दोऱ्यांवर ताणायची, भोकापासून वीतभर वर. हवा बाहेर, पाऊसही बाहेर. उद्या कापणार.

११ फेब्रुवारी, रविवार

फोन करून गेलो. स्नेहलने जेवायला बोलावलं होतं, दोघांनाही.

बेल दाबली. आत पावलं वाजली, भांडं पडलं, माया काहीतरी ओरडली, आणि दार उघडून स्नेहल म्हणाली, "या, या." मी दारातच थबकलो. घरातल्या माणसाला कोणी 'या' म्हणत नाही. ते पाहुण्यांना म्हणतात. ओढणी खोचलेली, कपाळावर पीठ. थोडी जाड झाली आहे एका आठवड्यात, किंवा झोप झाली आहे. डोळ्यांखालचं काळं गेलं आहे. ते काळं होतं हे मला आज ते नसल्यावर दिसलं.

आम्हाला बसवलं आणि ताटलीत दोन ग्लास पाणी घेऊन आली.

मी हात पुढे केला आणि थांबलो. आमच्या घरी रीत आहे. माझे वडील ताईकडे राजनांदगावला जायचे तर पाण्याची बाटली घरून न्यायचे. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. भर मे महिन्यात जावई हात जोडून उभे असायचे आणि वडील बाटलीतलं कोमट पाणी प्यायचे. मीही आजवर ताईकडे पाणी घेतलं नाही, बहीणही लेकीसारखीच म्हणून. इंदूने ग्लास उचलला नव्हता. ती माझ्याकडे पाहत होती. स्नेहल ताटली धरून उभी. तिला या रीतीतलं काही माहीत नसावं, तिला वाटलं ग्लासात काही पडलं आहे. वाकून आत पाहत होती.

मी विचार केला, नीट. रीत आहे ती दिलेल्या लेकीसाठी, तिच्या सासरच्या घरासाठी. हे सासर नाही. माहेरही नाही, माहेर तर आम्ही बंद करून कुलूप लावून आलो. दाराबाहेर कागदावर लिहून चिकटवलं आहे, स्नेहल आणि माया. ही तिसरीच काहीतरी गोष्ट आहे. हिच्यासाठी वडिलांनी काही सांगून ठेवलं नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही. म्हणजे रीत मलाच घालायची होती. मलाच, आणि ताबडतोब, कारण पोट्टीचे हात दुखत असतील.

प्यायलो. एका दमात. ग्लास परत ताटलीत ठेवला आणि म्हणालो, "अजून आण."

पाणी चांगलं आहे तिथलं.